टाके दुखत होते काय रे?

मॅडम,

सात वर्षं तुम्ही मला एकच प्रश्न विचारत आलात. बँकेच्या रांगेत विचारलात, माझ्या बहिणीच्या बाळंतपणात विचारलात, या श्रावणात पेट्रोलपंपावर गाडीची काच खाली करून विचारलात. "अनिल, त्या दिवशी रेखाचे टाके दुखत होते काय रे?" आणि दर वेळी तुमच्या तोंडाकडं न बघता मी म्हणालो, "हाव, दुखत होते." तुम्ही नुसतं "बरं" म्हणायचात आणि काच वर करायचात.

मी खोटं बोलत होतो. तुम्हाला संशय आहे हे मला कळत होतं, पण तुम्हाला नेमकं किती ठाऊक होतं ते मला परवा कळलं, तुम्हाला पोचवून आल्यावर आठ दिवसांनी. माझ्या पोराला कुणी मारलं यावर तालुकाभर तुमचं नाव घेतलं गेलं आणि मी ते घेऊ दिलं. आता उत्तर द्यायला बसलो आहे, तर ऐकायला तुम्ही नाही.

माझा हात डोक्याच्या आधी चालतो, हे तुम्ही पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. थोरल्या पोरीच्या, सोनूच्या वेळची गोष्ट. माझी बायको रेखा आत कळा देत होती, आणि मी तुमच्या दवाखान्याच्या दारावर लाथा घालत होतो की सिझर काऊन, साधी बाळंतीण काऊन नाही होत. तुम्ही हातमोजा काढत बाहेर आलात आणि पंचवीस माणसांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "आत बायको मरून राह्यली अन् तू इथी पाटीलकी दाखवून राह्यला? सही कर बे!" बापाशिवाय मला कुणी हात लावला नव्हता. मी मुकाट्यानं सही केली. तासाभरानं पोरगी माझ्या हातात देऊन म्हणालात, "धर. पडली त तुह्ये पाय मोडीन." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या दिवसापासून धामणगावात मी तुमचा भोंगा झालो. कुणाची सून अडली की म्हणायचो, आमच्या मॅडमकडं न्या, मारतात पण वाचवतात.

तुमचा माझा खरा झगडा दुसऱ्या खेपेला झाला.

पहिलं सिझर असल्यानं दुसरंही सिझरच ठरलेलं. तुम्ही म्हणालात, घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी करू, तोवर दिवस पुरे भरतात. आमच्या घरात मात्र वेगळाच हिशेब चालला होता. माझा बाप वारून वर्ष झालं नव्हतं. पित्तरांच्या पंधरवड्यात रेखाला कळा लागल्या आणि पोर त्या दिवसांत झालं, तर आजा त्याला घेऊन जाईल, असं आईच्या डोक्यात बसलं होतं. नामदेवकाकानं त्यात तेल ओतलं. म्हणून मी तुमच्यापुढं येऊन बसलो. गणपती बसलेले होते आणि रेखाला छत्तिसावा आठवडा लागलेला.

"मॅडम, म्या मोबाईलवर पाह्यलं. आईले सुई मारली का पोराचं फुप्फुस पक्कं होते. सुई मारा अन् बाप्पा जायच्या आधी मोकळं करा."

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "सुई म्हंजे पंपावरची हवा हाय काय, भरली का चालली गाडी?"

मग तुम्ही मला बसवून समजावलंत, तेही आठवतं. या आठवड्यातलं पोर दिसायला पुरं असतं. नाक, डोळे, नखं, वजन, सगळं जागच्या जागी. पण त्याच्या फुप्फुसात अजून पाणी असतं. शेवटच्या दिवसांत, कळा येऊ लागल्या की ते आटत जातं. कळाच आल्या नाहीत आणि वरून कापून काढलं, तर पोर त्या पाण्यासकट बाहेर येतं. "हिरवं बोंड चिरलं त कापूस निघते काय बे? ओला गोळा निघते."

"मंग सुई कशासाठी असते?"

"लवकर होणारच असलं त देतो. आईले दिली का पोराच्या फुप्फुसाले लागू पडते, पण तिले एक दिवस पायजे. त्यातही या महिन्यात द्याव का नाही, याच्यावर मोठेमोठे डॉक्टर भांडून राह्यले. श्वासाले बरी, पण जलमल्यावर पोराची साखर उतरवते. खऱ्या कळा लागल्या त मी देईन, जमलं त दिवसभर थांबीन, मंग करीन. तुह्या पित्तरायसाठी पोट फाडाले मी सुई देणार नाही."

तेव्हा मी ते बोललो. "तुमाले आमचं समजणार नाही, मॅडम. तुमच्या लोकायत पित्तर नसतात."

तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसला. तुमचा आवाज चढला नाही, त्याचाच मला राग आला. "माही माय सोनाळ्याले तुमच्यासारख्यायच्याच वावरात कापूस येचे. मले बोंडही समजते अन् पित्तरही समजतात. जाय आता." आणि रेखा उठताना तिला म्हणालात, "बाई, जुन्या टाक्यावर दुखलं त घडीभर थांबू नको. तिथून पिशवी फाटू शकते, तू अन् पोर दोघंही जाशान. तशीच निघून ये."

तुमची ती काळजी मी खिशात घालून घरी नेली. चोरानं किल्ली उचलावी तशी.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी आई, काका आणि मी रेखाभोवती बसलो. काय सांगायचं ते तिला पढवलं. ती म्हणाली, "मले काही दुखून नाही राह्यलं. मॅडमसंग मी खोटं बोलणार नाही." माझ्या घरात मला कुणी नाही म्हणत नसे. मी तिचा डावा दंड धरला, दाराच्या चौकटीवर दाबला आणि पिरगाळला. नवव्या महिन्याचं पोट घेऊन ती गुडघ्यांवर आली. आई चुलीकडं तोंड करून बसली. रेखा हाव म्हणाली तेव्हाच मी दंड सोडला.

दवाखान्यात तुम्ही तिच्या पोटावर हात ठेवलात. "इथी दुखते?" तिनं मान डोलावली. बीपी बघायला तुम्ही डाव्या दंडाला पट्टा गुंडाळू लागलात आणि थांबलात. पट्टा सोडलात. उजव्या दंडाला बांधलात. मग माझ्याकडं बघून पहिल्यांदा विचारलंत, "अनिल, खरंच टाके दुखून राह्यले काय रे?"

"हाव."

तुमच्या कपाळावर घाम आला होता, मी पाहिला. तुम्ही सिस्टरला सुई भरायला सांगितली, दिलीत, आणि स्वतःशीच पुटपुटलात, "दिली, पण हिले दिवस कुठी भेटते?" पुढच्या तासाभरात रेखा टेबलावर होती.

मुलगा झाला. मी पेढे सांगितले. पेढे यायच्या आधी आतून आवाज आला, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा, उं, उं, उं. मी काचेतून पाहिलं. गोरंगोमटं, भरलेलं पोर. छाती अशी आत ओढली जात होती की बरगडी न् बरगडी मोजावी, आणि नाकपुड्या फुगत होत्या. ओठ जांभळे पडत चालले होते. कुणीतरी त्याला पाण्यात बुडवून धरलंय आणि ते झुंजतंय, असं वाटत होतं. बुडवणारा काचेबाहेर उभा होता.

तुम्ही म्हणालात, "गाडी काढा. बुलढाण्याले न्या लागते." ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही स्वतः बसलात, पोराच्या तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत. राजूर घाटात प्रत्येक वळणाला तुमचा खांदा पत्र्यावर आदळत होता आणि पिशवीचा ठेका चुकत नव्हता. मी पुढं ड्रायव्हरजवळ होतो. मागून तुम्ही पोराला म्हणत होतात, "घे रे राजा श्वास. घे. माह्यासाठी घे."

त्याला मशीनवर ठेवून तुम्ही मागं फिरलात, कारण रेखा ताज्या टाक्यांची एकटी पडून होती. पोर दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. तिथले डॉक्टर सांगत होते की फुप्फुसातलं पाणी हटलं नाही, रक्ताला हवा मिळाली नाही, अजून दोन-तीन आठवडे पोटात असतं तर. मी ते 'तर' ऐकलं. नीट ऐकलं. आणि बाहेर काका म्हणाला, "सुईनंच मारलं पोराले. त्या बाईनं मुद्दाम मारलं," तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरलं. मला ते हवंच होतं, मॅडम. ते धरलं नसतं तर मला माझ्याच गळ्याला हात घालावा लागला असता.

अनंत चतुर्दशी होती. मंडळाची पोरं मिरवणूक सोडून दोन गाड्या भरून आली, तोंडाला गुलाल, हातात काठ्या. भर दुपार. दवाखान्याची पाटी आधी खाली आली. मग काचा. औषधांचं कपाट पालथं पडलं, बाटल्या पायाखाली चुरडल्या गेल्या, तपासायच्या टेबलाचं रेक्झिन कुणीतरी विळ्यानं फाडलं. सिस्टरच्या पाठीत खुर्ची बसली. काकानं तुमच्या जातीवरून जे शब्द काढले ते मी लिहिणार नाही. पण तेव्हा मी त्याला अडवलं नाही, उलट माझ्या अंगात जोर आला. हे मात्र लिहितो.

तुम्ही बाळंतिणींच्या खोलीच्या दारात उभ्या होतात. "अनिल, आत चार बाया हायेत. तुही बायको हाये. मले मारायचं त बाहेर मार."

मी सलाईनचा स्टँड उचलला. तुम्ही डावा हात डोक्यावर धरलात. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला आणि तुमचा पंजा मनगटापासून भलतीकडंच लोंबला. मी दुसऱ्यांदा मारलं. दुसऱ्यांदा, मॅडम. पहिल्यानं हात मोडला हे दिसल्यावर. खांद्यावर बसला तो. तुम्ही खाली बसलात, पण दारातून हलला नाहीत. तुमच्यामागून रेखाची किंकाळी आली, आणि ती पोरासाठी होती असं मी इतकी वर्षं समजत आलो.

संध्याकाळी पोराला पुरलं. गावात ढोल वाजत होते. पित्तर लागले ते दुसऱ्या दिवशी.

पोलिसांनी आम्हाला उचललं, आणि तुम्ही जबाब दिलात की गुलालामुळं चेहरे ओळखता आले नाहीत. आम्ही सुटलो. गावात लोक म्हणाले, बाईच्या मनात पाप होतं, म्हणून मागं सरली. मीही चौकात बसून तेच म्हणालो. तुमचं मनगट वाकडं बसलं, बोटांना पकड राहिली नाही. तुमचं ऑपरेशन करणं सुटलं. सकाळ-संध्याकाळ नुसत्या तपासण्या करत राहिलात, आणि अडलेल्या बायका घाट चढून बुलढाण्याला जाऊ लागल्या. त्यातल्या काही घाटातच बाळंत झाल्या.

दोन वर्षांनी माझी बहीण माहेरी आली आणि तिला वेळेआधी कळा सुरू झाल्या. खऱ्या. पस्तिसावा आठवडा. आई म्हणाली, त्या बाईकडं नको. मी नेलं. तुम्ही तपासलंत, म्हणालात पोर व्हायला अजून वेळ आहे. वाकड्या हातानं बाटली छातीशी दाबून उजव्या हातानं सिरिंज भरलीत आणि सुई दिलीत. वेळेत चिठ्ठी देऊन बुलढाण्याला धाडलंत. तिथं दुसरी सुई मिळाली, दीड दिवस मिळाला. पोराचा श्वास थोडा जोरात चालला, दोन दिवस साखर सांभाळावी लागली, आणि मग ते रडलं असं की वॉर्ड उठला. भाचा आता शाळेत जातो. त्या दिवशी मी पेढे घेऊन आलो तर तुम्ही पेढा घेतलात, अर्धा खाल्लात, आणि विचारलंत, "टाके दुखत होते काय रे?"

"हाव."

"बरं."

मला तुमच्या त्या "बरं"ची चीड यायची. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, पुन्हा कानाखाली वाजवली असती, तर मीही उलटून बोललो असतो आणि सुटलो असतो. एकदा बँकेच्या रांगेत तुमचा उजवा हात माझ्यासमोर काउंटरवर होता, आणि माझ्या मनात आलं की हाही मोडावा म्हणजे ही बाई विचारायचं थांबेल. असा माणूस तुमच्यावर स्मृतिलेख लिहितो आहे, हे वाचणाऱ्यांना कळायला हवं.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मी विहाराच्या आवारात मागच्या सतरंजीवर बसलो. काका शेजारी होता. गाव म्हणून आला होता. एक निवृत्त गुरुजी बोलायला उठले, तुमचं फार चांगलं बोलले, आणि मग म्हणाले, "डॉक्टरबाईंच्या हातून एकदा सुईची चूक झाली, चूक कुणाकडून होत नाही? पण माणूस सोन्याचं." काकानं मान डोलावली. पुढं तुमची लेक बसली होती. तिनं मान खाली घातली.

मी उठलो. कसा उठलो ते सांगता येत नाही. "गुरुजी, त्यायची चूक नोहोती," मी म्हणालो. "टाके दुखत नोहोते. म्या खोटं बोललो. दिवस भरायच्या आधी पोर म्या काढाले लावलं, अन् मॅडमचा हात म्या मोडला."

तुमच्या लेकीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी तिला काही मागितलं नाही. एक म्हातारी उठून आली, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. तिची अडलेली सून बुलढाण्याला नेताना घाटातच दगावली होती. फाटकाबाहेर काकानं कॉलर धरली. "घराण्याचं नाव मातीत घातलं, भाडखाऊ!" चुलतभावांनी मला रस्त्यावर पाडून लाथांनी तुडवलं. माझी भुवई फुटली, एक दात गेला. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण मी हात उचलला नाही. जन्मात पहिल्यांदा.

घरी रेखानं वाटीत हळद कालवली आणि भुवईला लावायला बसली. सात वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी जे बोललो ते गावातून आधीच तिच्या कानावर आलं होतं.

"मॅडमले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. टाके काढाले त्यायच्याकडंच जा लागलं, गावात दुसरी डॉक्टरीण नोहोती, तवाच म्या सांगतलं. त्यायच्या हाताले पलस्तर होतं. तुमची माय बाहेर चपला घालून राह्यली होती. मॅडम म्हणे, दंडावर बोटं उमटलेली पाह्यली तवाच मले समजलं होतं."

माझ्या कानात वारं भरलं. "मंग कापलं काऊन?"

"म्याही हेच पुसलं. म्हणे, खोटं असन असं वाटे, पण खरं असतं त तू मेली असती. तुह्यावर जुगार नाही खेळता येत."

"अन् पोलिसायले काऊन नाही सांगतलं?"

रेखा माझ्या भुवईकडंच बघत होती. "म्हणे, मी तोंड उघडलं त तुले साक्षीले उभं करतीन, अन् घरी आल्यावर थो तुले जिती ठेवणार नाही. नाव खराब झालं त माहं होऊ दे. तू गप राह्य. मी त्याले विचारत राहीन. एक दिवस त्याच्याच तोंडातून येईन."

मॅडम, तुम्ही माझ्या बायकोला माझ्यापासून वाचवत होतात. दारात उभ्या राहिलात तेव्हाही, नंतर सात वर्षंही. मला वाटायचं तुम्ही मला छळता आहात. तुम्ही फक्त बघत होतात की रेखाला आता घरात बोलता येईल का, आणि माझं "हाव" ऐकून कळायचं की नाही, अजून नाही.

मी हळदीची वाटी घ्यायला हात पुढं केला. नुसता वाटीसाठी. रेखा झटकन मागं सरली आणि तिचा डावा हात आपोआप डोक्यावर गेला, तुमचा गेला होता तसाच. वाटी सांडली. ती घाबरून म्हणाली, "पुसते मी, पुसते."

मी हात मागं घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ती जमीन पुसत होती. तिच्या बाहीखाली मी पाहिलं. आता तिथं काही खूण नाही. पण फरशी पुसताना ती डाव्या हातावर भार देत नव्हती, आणि ती कधीपासून देत नाही हे मला सात वर्षांत दिसलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, मॅडम. उत्तर घ्या. टाके दुखत नव्हते. तिचा दंड दुखत होता.